शामिसेन कसं बांधतात: दांडी, खोकं, कातडं आणि मुद्दाम ठेवलेली झणझण

वाकडीतार

शामिसेनचा विषय निघाला की आपल्याकडे 'जपानी सतार' म्हणून तो मिटतो. सतारीला भोपळा, पडदे, तरफा. शामिसेनमध्ये यातलं एकही नाही. तीन तारा, बिनपडद्याची दांडी आणि दोन्ही बाजूंनी कातड्याने मढवलेलं चौकोनी खोकं, एवढाच कारभार. लांबी साधारण १ मीटर. मी तोक्योत हे वाद्य शिकतो, पण वाजवण्यापेक्षा दुरुस्तीच्या दुकानात जास्त रमतो असं घरच्यांचं म्हणणं आहे. म्हणून हा धागा फक्त बांधणीवर. वादनशैलींवर कुणीतरी वेगळा काढा.

नावं आधी उरकतो. दांडी म्हणजे साओ, खोकं म्हणजे दो, खुंट्या इतोमाकी, घोडी कोमा, आणि उजव्या हातात धरायचं पसरट पातं म्हणजे बाची. दांडीचं वरचं, मागे वळलेलं टोक तेन्जिन. दांडी खोक्याला चिकटवलेली नसते, ती खोक्याच्या आरपार जाते. आतून जाणारा भाग बारीक असतो आणि त्याचं टोक खालून थोडं बाहेर डोकावतं. त्या टोकाला नेओ नावाची दोऱ्याची गुंफण अडकवतात आणि तारा तिला बांधतात. त्यामुळे तारांची ओढ दांडीच्या दांडीतच राहते. खोक्यावर येतो तो फक्त घोडीचा दाब, तोही कातड्यावरून.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला बरं. हे वाद्य मुळातच पुन्हापुन्हा उघडून नीट करता यावं म्हणून बांधलेलं आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग झिजतो, फाटतो नाहीतर तुटतो, आणि तो बदलायची सोय मूळ रचनेतच करून ठेवलेली आहे.

दांडीपासून बघू. जाडीवरून तीन प्रकार: होसोझाओ बारीक, काबुकी नाटकातल्या नागाउता गायनासाठी, चूझाओ मध्यम, जिउता गायन आणि बरीचशी लोकगीतं यांसाठी, फुतोझाओ जाड, बुनराकु बाहुलीनाट्यातल्या गिदायू कथनासाठी आणि उत्तरेकडच्या त्सुगारू शैलीसाठी. जाडी बदलली की घोडी, बाची, तारा, कातडं सगळंच बदलतं. गिदायूच्या घोडीत तर शिसं भरून तिचं वजन वाढवलेलं असतं.

शिकाऊ वाद्याची दांडी करिन लाकडाची. हे आपल्या बिबळ्याच्या कुळातलं. त्याच्या वर शितान, शिसवीच्या जातीचं. आणि सगळ्यांत वर कोकी. कोकी म्हणजे आपलं रक्तचंदन. जपानातल्या उत्तम शामिसेनची दांडी आंध्रातल्या डोंगरातून आलेली असते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

एवढं जड लाकूड कशाला? कारण या वाद्यात तार नखाने दाबतात आणि नखानेच घासत वर-खाली नेतात. खाली ना पडदा, ना धातूची पट्टी. तार आणि नख थेट लाकडावर. मऊ लाकडात बोटं जिथे सारखी पडतात तिथे खळगे होतात आणि सूर फाटायला लागतो. या झिजेला कानबेरी म्हणतात. तिच्यावर उपाय एकच, दांडीचा दर्शनी भाग तासून पुन्हा एकसारखा करणे. दर वेळी दांडी केसभर बारीक होते. रक्तचंदनावर ही पाळी पुष्कळ उशिरा येते.

दांडी सहसा अखंडही नसते. तिचे तीन तुकडे असतात आणि ते खाच-कुसवाच्या सांध्यांनी एकमेकांत बसतात. गोंद नाही, खिळा नाही. उंची वाद्यात सांध्याच्या आत सोन्याचा पातळ पत्रा असतो, काढ-घाल करून लाकूड झिजू नये म्हणून. तारा चढवल्यावर सांध्यावरून बोट फिरवलं तरी नखाला काही लागत नाही. सुटे तुकडे ठेवताना कुसवाचे कोपरे उडू नयेत म्हणून प्रत्येक सांध्याला लाकडाची वेगळी टोपणंही मिळतात. सोनं लावून ते दिसणार नाही अशा जागी लपवायचं, हा प्रकार मला फार आवडतो.

खोकं चार फळ्यांचं, बहुधा करिनचंच. चौकोनी म्हटलं तरी चारही बाजू बाहेरून किंचित फुगीर असतात. आतली बाजू शिकाऊ वाद्यात साधी. भारी वाद्यात आतून सगळीकडे तिरक्या रेघांचं, माशाच्या काट्यासारखं कोरीवकाम असतं, त्याला आयासुगी म्हणतात. हे आवाजासाठी, शोभेसाठी नाही. कातडं चढल्यावर ते कुणाला दिसतही नाही.

आता कातडं. पारंपरिक शामिसेनला मांजराचं नाहीतर कुत्र्याचं कातडं लागतं. ओलं करून, कडेला लाकडी चिमटे लावून, चिमट्यांना दोर बांधून ते एका ठोकळेवजा साच्यावर चारही बाजूंनी ओढतात. पाचरी ठोकतात, दोर पिळतात, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात, पुन्हा पिळतात. कातडं फाटायच्या अगदी अलीकडे थांबायचं, आणि ती जागा मोजून सांगता येत नाही. चिकटवायला चिकट तांदळाची, म्हणजे मोची तांदळाची खळ. पुढचं कातडं झालं की मागचं. बाची जिथे आदळते तिथे कातड्याचाच एक अर्धगोल तुकडा वरून डकवतात.

इथवर पुरे. सावारीचं, म्हणजे मथळ्यातल्या झणझणीचं, प्रकरण मुद्दाम मागे ठेवलंय, कुणी विचारलं तर लिहितो.

जाईजुई

छान लिहिताय, पण मांजराचं कातडं वाचून पुढे वाचवेना. आमच्याकडे दोन मांजरं आहेत हो. अजूनही खरंच वापरतात?

धोंडोपंत

जाईताई, तबल्याची पुडी बकऱ्याची असते, मृदंगाचंही तेच. टाळ्या वाजवताना आपण विचारत नाही. मांजर घरात असतं म्हणून वाईट वाटतं एवढंच.

जाईजुई

पंत, बकरा खाल्ला जातो. कातडं उरतं म्हणून वापरतात. दोन्हींत फरक आहे.

वाकडीतार

जाईजुई, वापरतात, पण कमी होत चाललंय. मांजराचं कातडं पातळ, त्याचा आवाज मोकळा आणि चटकदार, म्हणून नागाउता आणि जिउतावाले मैफलीच्या वाद्याला ते धरून आहेत. कुत्र्याचं जाड आणि स्वस्त. ते सरावाच्या वाद्यांना आणि त्सुगारूला, कारण तिथे बाची तारेबरोबर कातड्यावरही जोरात आदळते. त्सुगारू शामिसेन म्हणजे अर्धं तालवाद्यच आहे.

जपानात स्थानिक पुरवठा जवळपास आटला आहे, कातडी बाहेरून येतात. कृत्रिम कातडं बरीच वर्षं मिळतंय आणि अलीकडे कांगारूचंही वापरतात. माझ्या वाद्यावर कृत्रिम आहे. आवाज थोडा कोरडा, पण पावसाळ्यात फाटत नाही. माझ्या शिक्षिकेला ते पसंत नाही आणि त्या तसं स्पष्ट सांगतात.

सुतारपक्षी

एक शंका. एवढी ओढ आणि चिकटवायला नुसती तांदळाची खळ? सरस का नाही? सरस लावला तर कातडं जन्मात सुटायचं नाही.

वाकडीतार

सुटायला हवं, हेच तर कारण. कातडं आज ना उद्या फाटणार हे सगळ्यांना माहीत असतं. खळ ओली केली की जुनं कातडं सोलून निघतं, लाकडाला इजा नाही, नवं चढवायला खोकं तयार. सरस लावला तर दर वेळी लाकूड खरवडावं लागेल, आणि खोक्याच्या कडा बदलल्या की आवाजही बदलला.

सुतारपक्षी

पटलं. आणि तीन तुकड्यांची दांडी नुसती प्रवासासाठी नसणार. रक्तचंदनाचा एक मीटर सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणं महाकठीण. तीन छोटे तुकडे निवडून रेषा जुळवणं सोपं, आणि लांब दांडी वाकते तशी तुकड्यांची वाकत नाही.

वाकडीतार

अगदी. अखंड दांडीही असते, तिला नोबेझाओ म्हणतात, पण इथले लोक तुकड्यांचीच पसंत करतात.

उगाचच_एक

नखाने दाबून घासायचं, पडदे नाहीत, कातडं आहे... हा तर सरोदचा चुलतभाऊ निघाला.

वाकडीतार

बांधणीत बरंच साम्य आहे. फरक असा की सरोदला दांडीवर पोलादी पत्रा आणि तारा धातूच्या, त्यामुळे मींड लांब आणि सूर रेंगाळतो. शामिसेनला लाकूड आणि रेशीम. सूर उठतो आणि लगेच विझतो. वादकाला रिकामी जागा भरायला बाची पुन्हा मारावी लागते. आणि सरोद छेडायचा जवा हातात मावतो. गिदायूची बाची बघाल तर भिंतीला गिलावा करायला काढलीय असं वाटेल.

चंद्रमौळी

रक्तचंदनावर थोडं लिहितो, नोकरीत असताना या खात्याशी संबंध आला होता. हे झाड पूर्व घाटाच्या दक्षिण भागात, कडप्पा, चित्तूर, नेल्लोर पट्ट्यात नैसर्गिकरीत्या वाढतं. वाढ फार हळू. गाभा लाल आणि इतका जड की पाण्यात बुडतो. १९९५ साली ते साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आलं, म्हणजे परवान्याशिवाय परदेशी व्यापार नाही. आपल्याकडून जंगलातल्या लाकडाची निर्यात मुळातच बंद. सरकार जप्त मालाचे लिलाव करतं तो एक कायदेशीर मार्ग. बाकीची तस्करी तुम्ही सिनेमात पाहिलीच आहे.

लाटांसारख्या रेषा असलेल्या गाभ्याला सगळ्यांत जास्त भाव. आम्हाला सांगायचे की असला माल चीन-जपानकडे जातो. जपानात त्याचं काय करतात ते आज कळलं.

वाकडीतार

त्या लाटांना इथले कारागीर तोची म्हणतात. दांडी तिरकी धरून उजेडात फिरवली की त्या हलल्यासारख्या दिसतात, आणि वाद्याची किंमत ठरवताना त्यांचाच मोठा वाटा असतो. आवाजाला काही उपयोग आहे का यावर दुकानात वाद होतात. माझ्या मते नाही.

आजीचाबटवा

आमच्या देवघरात रक्तचंदनाची बाहुली आहे. सूज आली की सहाणेवर उगाळून लेप. हात-पाय झिजून तिचा नुसता ठोकळा उरलाय. त्याच लाकडाचं हे होतं वाचून गंमत वाटली.

मिरजकर

धागा वाचत होतो, आता राहवत नाही. आमचं घर तंबोऱ्याचं, वडील जवारी लावायचे, मीही लावतो. सुरुवातीला तुम्ही 'झणझण' म्हणालात आणि सावारी हा शब्द टाकून पळालात. जवारीसारखंच काही आहे का? घोडी तर तुमची एवढीशी दिसते, त्यावर जवारी कुठे बसणार?

आमच्याकडे घोडी रुंद, वरून अगदी हलका उतार. तार त्या उतारावर कुठेतरी टेकत-सुटत राहते आणि म्हणून ती बोलते. खाली सुताचा जीव सरकवून नेमकी जागा पकडायची. कानस एक हात जास्त चालली तर आवाज बंद, पुन्हा सगळं घासायचं.

वाकडीतार

मिरजकर, तुमचीच वाट पाहत होतो.

तत्त्व तेच, जागा वेगळी. तुमची जवारी घोडीवर. इथे ती दुसऱ्या टोकाला, खुंट्यांच्या खाली. तिथे धातूची एक बारीक आड असते, कामिगोमा. दुसरी आणि तिसरी तार तिच्यावरून जाते. पहिली, म्हणजे सगळ्यांत जाड खर्जाची तार, मुद्दाम तिच्या बाहेर ठेवलेली. ती थेट लाकडावर येते. त्या जागी लाकडात एक लहानसा खोलगट भाग कोरलेला असतो आणि त्याच्या पुढे एक उंचवटा. तार उंचवट्याला जेमतेम शिवते. छेडली की तिथे फडफडते आणि झणझण उठते. हीच सावारी.

दुसरी, तिसरी तार स्वतः झणझणत नाही. पण तिच्यावर पहिल्या तारेशी जुळणारा सूर, षड्ज, पंचम वगैरे, नेमका लागला की पहिली तार आपोआप बोलते. सूर थोडा हुकला की गप्प. पडदे नसलेल्या वाद्यात वादकाला आपण सुरात आहोत की नाही ते हीच सांगते. सावारी मेलेलं वाद्य माझ्यासारख्या शिकाऊला तर अगदीच निरुपयोगी.

कोरलेली सावारीही झिजते. मग कारागीर पुन्हा कोरतो. याला दुसरा तोडगाही आहे, आझुमाझावारी. दांडीच्या मागून एक छोटा स्क्रू, तो फिरवला की पुढचा उंचवटा वर-खाली होतो. त्सुगारूच्या वाद्यांत हे सर्रास असतं.

मिरजकर

स्क्रूने जवारी! वडील असते तर वाद्य उचलून बाहेर ठेवलं असतं. पण सोय आहे खरी. तारा कशा मिळवता?

वाकडीतार

मुख्य तीन मिळवण्या. होनचोशी: सा, म, वरचा सा. निआगारी म्हणजे मधली चढवलेली: सा, प, वरचा सा. सानसागारी म्हणजे तिसरी उतरवलेली: सा, म, कोमल नि. षड्ज कुठेही धरा, गायकाच्या गळ्याप्रमाणे. मैफलीत एका रचनेच्या मध्येच मिळवणी बदलतात, वाजवता वाजवता खुंटी पिळून.

उगाचच_एक

रेशमाच्या तारा म्हणालात, पण फोटोत पिवळ्याजर्द दिसतात. रंग कसला?

वाकडीतार

हळद! खरंच. रेशमाचे धागे पिळून एकत्र करतात, हळदीने रंगवतात, आणि मोचीच्या खळीने घट्ट करतात. शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या उत्तरेला किनोमोतो भागात तारांचं रेशीम आणि तारा अजून बनतात. तिसरी तार सगळ्यांत बारीक, ती फार तुटते, म्हणून बरेच जण तिथे नायलॉन लावतात. पहिली मात्र रेशमाचीच हवी, नाहीतर सावारी नीट बोलत नाही.

निळासमुद्र

ओकिनावात काही काळ राहिलो होतो. तिथल्या सानशिनबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. शामिसेनचं मूळ तेच. चीनचं सानश्येन र्‍यूक्यू बेटांवर आलं, तिथे सानशिन झालं, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला साकाई बंदरातून जपानात गेलं. सानशिन आकाराने लहान, त्याला अजगराचं कातडं, आणि ते तर्जनीत घातलेल्या शिंगाच्या नखीने वाजवतात.

जपानात ते बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्या अंध कलावंतांच्या हाती पडलं. त्यांच्याकडे बाची आधीपासून होती, तीच त्यांनी यावर चालवली. अजगर जपानात आढळत नाहीत, आणि बाचीच्या तडाख्याला अजगराचं कातडं पुरलंही नसतं. सावारीही बिवाचीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावात काहीच उरलं नव्हतं तेव्हा लोकांनी अमेरिकी डबाबंद अन्नाचे रिकामे डबे, मिळेल ते लाकूड आणि पॅराशूटच्या दोऱ्या यांची सानशिनं केली. कान्कारा सानशिन. आज शाळेतल्या मुलांना तसलं किट देतात.

वाकडीतार

सुंदर भर, निळासमुद्र. माझ्या मुद्द्यालाही बळ मिळालं: दांडी आणि ताणलेला पडदा एवढं जमलं की बाकी सगळं हाताशी असेल त्याचं चालतं.

कर्वेरोडी

माझा प्रश्न व्यवहारी आहे. काकू जपानातून परतल्या, त्यांनी त्यांचं शामिसेन मला दिलं. पुण्यात जुलैत एका रात्री फट्‌ असा आवाज आला आणि पुढचं कातडं कोपऱ्यापासून उसवलं. मागचं शाबूत आहे. काय करू? सोबत पांढरी जड बाचीही आहे.

वाकडीतार

आधी बाचीबद्दल. पांढरी आणि जड म्हणजे हस्तिदंती असू शकते. १९८९ साली साइटिसने आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरवला, आशियाई त्याआधीच बंद होता. ती घेऊन कागदपत्रांशिवाय विमानात बसू नका, कुणाला विकूही नका. वनखात्याकडे विचारा. सरावाला लाकडी किंवा प्लास्टिकची घ्या. हस्तिदंताला वादक मानतात, कारण घाम आला तरी तो हातातून सटकत नाही आणि पात्याला लवचीकपणा असतो. पण शिकाऊ हाताला त्याची गरज नाही.

कातड्याचं: फाटायचं कारण नुसता दमटपणा नाही, दमट-कोरडं-दमट असा फेरा. मागचं शाबूत असलं तरी दोन्ही एकदम बदला, ओढ सारखी राहते. पुण्यात ठेवणार असाल तर डोळे मिटून कृत्रिम. तोपर्यंत तारा सैल करा, घोडी काढून ठेवा. वाजवून झाल्यावर घोडी कातड्यावर उभी ठेवायचीच नाही, एरवीसुद्धा.

मिरजकर

कर्वेरोडी, मिरजेला येणं होत असेल तर खोकं घेऊन या. खळीचं मला जमेल, तबलेवाल्या मित्राला ओढीसाठी बसवतो. बकऱ्याचं पातळ कातडं लावून बघू. वाकडीतार, चिमट्यांचं माप मिळेल का? आणि कातडं ओढताना खोकं साच्यावर पालथं ठेवता की उताणं?

वाकडीतार

उताणं, ज्या बाजूचं कातडं चढवायचं ती वर. चिमटे मी दुकानात मोजून कळवतो. बकऱ्याचं जाड पडेल असं वाटतं, कोकराचं बघा. आणि आयासुगी आहे का ते आत टॉर्च मारून पाहा. असेल तर कडेला कानस अजिबात लावू नका.

कर्वेरोडी

टॉर्च मारला. तिरक्या रेघा आहेत, चारही बाजूंना.

सुतारपक्षी

मग मीही मिरजेला येतो.